तयार हात

डॉक्टरीणबाईंनी निळ्या पेनाने माझ्या डाव्या हातावर एक छोटं वाटोळं काढलं. कोपराच्या चार बोटं खाली पांढुरका चट्टा होता, त्याच्या कडेजवळ. मग सुई उचलून म्हणाल्या, "जागा बधिर करायचं इंजेक्शन देते. काय दुखायचं ते एवढंच. पुढचं कळणारही नाही."

मी मान फिरवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. आखाजीला अकरा दिवस उरले होते. आमच्या खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि त्या दिवशी ज्या घरात मांडे नाहीत त्या घराला सुतक असेल असंच लोक धरून चालतात. एवढ्या दिवसांत आम्हाला एक लग्न आणि नऊ घरचे मांडे उरकायचे होते. पुरणाची डाळ किती लागेल याचा मी मनातल्या मनात अंदाज बांधत होते.

"दुखलं का?"

"नाही."

"अजिबात?"

"सवय आहे मॅडम. मी मांडे करते. हात तयार झालाय माझा."

हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं. आमच्या गावात एवढं सांगितलं असतं तर समोरच्या बाईने माझ्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहिलं असतं. ह्या नाफडे मॅडमनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या हाताकडे बघत होत्या. सुई अजून माझ्या चट्ट्यात रुतलेली होती.

"मघाशी मी कापसाची वात फिरवली, तेव्हा कळतंय म्हणालात ना?"

"हो."

"डोळे मिटलेले होते?"

डोळे मी किलकिले ठेवले होते. वात हाताला लागलेली दिसली की "हो, कळतंय" म्हणत होते. एवढ्या शिकलेल्या बाईला सारखं नाही नाही काय म्हणायचं, असं मला वाटलं होतं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी इंजेक्शन पुरं केलं, पेनाएवढी एक लोखंडी नळी घेतली आणि वाटोळ्यावर टेकवून गरगर फिरवली. आतून मिरीएवढा मांसाचा तुकडा निघाला. तो त्यांनी चिमट्याने एका बाटलीतल्या औषधात सोडला, सिस्टरने बाटलीवर माझं नाव लिहिलं, रत्ना हिरालाल, वय तेवीस, आणि खाली इंग्रजीत काहीतरी लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलं. हातावर एक टाका पडला.

"कोड आहे का मॅडम?" मी विचारलं. याच एका प्रश्नासाठी मी तीन महिने झोप घालवली होती.

"कोड नाही."

मला टेबलावरून उडी मारावीशी वाटली. कोड नाही तर मग काय आहे, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आठ दिवसांनी रिपोर्ट येईल, येताना घरातल्या सगळ्यांना घेऊन या, सगळ्यांचे हात एकदा बघून घेते, असं त्या म्हणाल्या. शहरातले डॉक्टर एकाला दाखवायला गेलं की चौघांना बोलावतात, असं मनाशी म्हणत मी बाहेर आले.

बाहेर बाकावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. मथुराबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. ह्या बाईंविषयी आधी सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल.

खापरावरचे मांडे करणं सोपं नाही. सैल मळलेल्या कणकेत पुरण भरायचं, पोळपाटावर तळहाताएवढं लाटायचं, आणि मग ते दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवायचं. रुमालाएवढं पातळ झालं की चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर तापून लाल झालेलं असतं, त्यावर एका झटक्यात उलटं टाकायचं. त्या झटक्याला मनगटापासून कोपरापर्यंतचा हात खापराला जवळजवळ टेकतो. जिने हात आखडला तिचा मांडा फाटला. आमच्या आजूबाजूच्या बारा गावांत आत्याबाईंच्या हाताचा मांडा कधी फाटला नव्हता. एका लग्नात चुलीतून निखारा उडून पुरणाच्या पातेल्याजवळ पडला, तो त्यांनी बोटांनी उचलून परत चुलीत टाकला आणि बोलता बोलता पुढचा मांडा पसरला. तेव्हापासून लोक म्हणायला लागले, मथुराबाईच्या हाताला अग्नी मानतो. त्यांची उजवी करंगळी आत वळलेली होती. तीस वर्षं मांडे झुलवून ती तशी झाली, असं त्या सांगायच्या, आणि आम्ही पोरीबाळी त्या करंगळीकडे कौतुकाने बघायचो.

मी लग्न होऊन आले तेव्हा वीस वर्षांची होते. माहेरी आम्ही तव्यावरची पोळी करणारे. पहिली दोन वर्षं माझा रोज एक तरी मांडा फाटायचा. खापराची झळ लागली की माझा हात आपोआप मागे यायचा आणि आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, "हात आखडला. पुन्हा हात आखडला. अगं, तुला खापर खाणार आहे का?" मला इतकं रडू यायचं, पण त्यांच्यासमोर रडायची सोय नव्हती. मालक बिचारे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचे आणि आईच्या चुलीच्या राज्यात तोंड घालायचे नाहीत.

मग तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुमाराला, एकदा मी मांडा टाकला आणि हात मागे आलाच नाही. डावा हात खापराच्या कडेला टेकला होता, मला धूर दिसला, पण मी हलले नाही. मांडा अखंड पडला. आत्याबाई उठून माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "झाला. हात तयार झाला तुझा."

तीन वर्षांत माझ्याशी त्या पहिल्यांदाच गोड बोलल्या. एवढ्यावर थांबल्या नाहीत. संध्याकाळी साऱ्या गल्लीत दारोदार सांगून आल्या, माझ्या सुनेचा हात तयार झाला. मी त्या दिवशी मनातले मांडे खातच झोपले.

चट्टा मला त्यानंतर महिन्याभराने दिसला. भाजल्याची खूण असेल म्हणून सोडून दिला. पण तो पसरला, त्याच्यावरची लव गेली, आणि तिथे घामही येईना. आत्याबाईंनी बावचीचं तेल लावलं, कडुलिंबाचा पाला बांधला. पाटलांच्या थोरल्या सुनेने एकदा मी मांडे वाढत असताना माझ्या हाताकडे बघितलं आणि पुढचा मांडा तिने खाल्ला नाही. तिथेच आत्याबाईंनी ठरवलं की डॉक्टरकडे जायचं. घरी येताना एवढंच म्हणाल्या, "कोड निघालं तर तुझ्या हातचं कुणी खाणार नाही. माझ्यानंतर खापर कोण पेटवणार?" त्यांना माझी काळजी होती की खापराची, हे मला तेव्हा कळलं नाही. माझ्यापुरतं दोन्ही एकच होतं. माहेरी परत जायला मला तोंड नव्हतं, आणि सासरी माझं जे काही होतं ते त्या हातात होतं.

तर त्या दिवशी मी बाहेर येऊन त्यांना सांगितलं की कोड नाही. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग माझ्या पट्टीकडे बघून म्हणाल्या, "कापून काढलं का?"

"थोडं काढलं. तपासायला पाठवणार आहेत."

"कुणाला सांगू नको. चटका बसला म्हण."

इथेच आम्ही फसलो. चटका बसला हे गावात कुणालाही सांगता आलं असतं, पण आम्हाला नाही. रविवारच्या लग्नात चुलीपाशी आम्ही चौघी होतो. त्यात कौशल्याबाई होत्या. त्यांचेही मांडे चांगले, पण मथुराबाईंच्या मागचंच नाव त्यांना आयुष्यभर मिळत आलं होतं. माझी पट्टी बघून त्या म्हणाल्या, "हे काय झालं वं रत्ना?"

"चटका बसला."

कौशल्याबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "तुला? मथुराबाईच्या सुनेला? अन् आत्ता दिवाळीला हात तयार झाला म्हणून गावभर साखर वाटली होती ना?" दोघीतिघी हसल्या. मग त्या जवळ सरकल्या. दाखव, तूप लावून देते, चटका उघडा राहिलेला बरा, असं म्हणत त्यांनी माझ्या पट्टीचं टोक पकडलंसुद्धा.

"राहू दे कौशल्या," आत्याबाई खापरावरून नजर न काढता म्हणाल्या. "ऊन उतरायच्या आत दोनशे मांडे व्हायचेत. तूप पंगतीला लागेल."

कौशल्याबाईंनी हात मागे घेतला, पण नजर काढली नाही. मी मांडा हातावर घेतला आणि झुलवायला लागले. पंधरावा असेल की विसावा. मांडा पसरता पसरता मला पांढऱ्या कणकेवर एक लाल ठिपका दिसला. मग दुसरा. हात ताणल्याने टाका सुटला होता, पट्टी भिजून तिच्याखालून रक्त येत होतं, आणि मला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. मी हात हवेत तसाच धरून उभी राहिले. पुढे टाकावा तर लग्नाच्या पंगतीत रक्ताचा मांडा जाणार, मागे घ्यावा तर सगळ्यांना दिसणार.

आत्याबाईंना दिसलं. त्या उठल्या, माझ्या हातावरून तो मांडा गोळा करून घेतला आणि सरळ चुलीत घातला. "खडा होता डाळीत," त्या मोठ्याने म्हणाल्या. "जा, डाळ पुन्हा निवडून आण. पाण्याने हात धू." मी कोठीघरात गेले, दार लावून घेतलं आणि पदराने हात आवळून धरला. आत्याबाईंनी अन्न जाळलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना माझ्यापेक्षा जास्त भीती वाटत होती, हे मला कोठीघराच्या अंधारात कळलं.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मॅडमनी मालकांचे हातपाय आधी बघून घेतले आणि त्यांना काही नाही म्हणून बाहेर बसवलं. मग कागद समोर ठेवला. एवढ्या माणसांना रोज सांगत असतील, तरी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, हा कुष्ठरोग आहे."

मला शब्द ऐकू आला, अर्थ मागाहून आला. आमच्याकडे हा शब्द कुणी वापरत नाही. महारोग म्हणतात, आणि तोही दबक्या आवाजात. आमच्या तालुक्याच्या देवळाबाहेर एक माणूस बसायचा, हातांना चिंध्या बांधलेला. लहानपणी आई आम्हाला त्याच्या बाजूने जाऊ द्यायची नाही. मला तोच दिसला.

आत्याबाई खुर्चीवरून उठून भिंतीला जाऊन टेकल्या. माझ्यापासून लांब. मी मोजलं नाही, पण तीन पावलं असतील.

मॅडम बोलत होत्या. हा जंतूचा आजार आहे, टीबीसारखा. सहा महिने गोळ्या घेतल्या की पूर्ण बरा होतो. पहिल्या गोळीनंतर काही दिवसांत तर कुणाला लागतही नाही. अन्नातून पसरत नाही, भांड्यातून पसरत नाही. लवकर आलात, बोटं वाकली नाहीत, नस जाड झालेली नाही, कदाचित त्या जागेची जाणीवही परत येईल. त्या सावकाश, स्वच्छ बोलत होत्या आणि मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

"हिच्या हातचं आता कोण खाणार?" आत्याबाई भिंतीला टेकूनच म्हणाल्या.

मला वाटलं, इथेच जमीन फाटावी. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर आत्याबाईंच्या तोंडावरून हातावर आली आणि उजव्या करंगळीवर थांबली.

"तुम्ही बसा मावशी. तुमचाही हात बघू द्या."

"मला काय झालंय?"

"काही नसेल तर उत्तमच."

आत्याबाई बसल्या. मॅडमनी त्यांच्या कोपरामागे बोटांनी चाचपलं, बराच वेळ. मग एक सुई घेऊन म्हणाल्या, "डोळे मिटा. पूर्ण मिटा हं. टोचलं की 'हं' म्हणा."

पहिल्यांदा खांद्यावर टोचलं. "हं," आत्याबाई म्हणाल्या. दंडावर टोचलं. "हं." मग मॅडमनी सुई कोपराखाली आणली. हाताच्या कडेने, मनगटाच्या बाजूने, एक, दोन, तीन, चार. मग तळहाताची कड. मग करंगळी. मी समोर बसून बघत होते. आत्याबाई डोळे घट्ट मिटून, शाळेतल्या हुशार पोरीसारख्या ताठ बसून वाट बघत होत्या.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "टोचा ना बाई. मला पुढची बस आहे."

सुई त्यांच्या करंगळीत होती. तिच्याभोवती रक्ताचा थेंब जमला होता.

खोलीत कुणीच बोलेना, तेव्हा आत्याबाईंनी डोळे उघडले. त्यांनी सुई बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग पदराने करंगळी पुसली आणि पदरावरचा डाग बघत बसल्या.

"किती दिवसांचं असेल?" त्यांनी विचारलं.

"फार वर्षांचं. पंधरा, वीस, सांगता येत नाही. पाठीवरही चट्टे असतील, बघते मी."

"म्हणजे हिला माझ्याकडून?"

"असू शकतं. नक्की कुणीच सांगू शकणार नाही. आणि त्यात तुमचा दोष नाही."

आत्याबाईंनी दोषाचं ऐकलंच नसावं. त्या स्वतःचा हात समोर धरून बघत होत्या, उलटा, मग सुलटा. "इतकी वर्षं लोक म्हणाले, मथुराबाईच्या हाताला अग्नी मानतो," त्या म्हणाल्या. "अग्नी कुठला मानतो. हातच मेलेला होता."

त्यांच्याही हातावरून मॅडमनी तसाच एक तुकडा काढला. त्यांना इंजेक्शन कळलं नाही. पहिली गोळी दोघींनी मॅडमसमोरच घ्यायची होती. सिस्टरने पाण्याचा पेला पुढे केला तर आत्याबाई तो हातात घेईनात, ओंजळ पुढे करून वरून पाणी घाला म्हणायला लागल्या. बारा गावांच्या पंगतींना वाढणारी बाई. मॅडमनी पेला त्यांच्या हातात दिला, त्यांची बोटं त्यावर दाबून धरली, आणि विचारलं, "आखाजीला मांडे असतील ना तुमच्याकडे? मला दोन पाठवा. रत्नाच्या हातचे."

परतीच्या बसमध्ये मालक पुढच्या बाकावर आणि आम्ही दोघी मागे. आत्याबाई अर्धा रस्ता खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "तुला शाबासकी दिली ना मी त्या दिवशी. हात मेल्याची शाबासकी दिली. गावभर सांगत फिरले."

मी त्यांची करंगळी धरली. त्यांना ते कळलं नाही, म्हणून मग त्यांचा दंड धरला.

आखाजीला मी दोन मांडे डब्यात घालून मॅडमना नेऊन दिले. त्यांनी तिथेच, टेबलावरचे कागद बाजूला सारून, डबा उघडला आणि एक मांडा उभ्या उभ्या संपवला. दुसरा घरी नेते म्हणाल्या. मी घरी पोचले तर आत्याबाई दारातच होत्या. "खाल्ला?" मी हो म्हटलं. "तुझ्यासमोर?" हो. जेवताना पुन्हा विचारलं, "सगळा खाल्ला, की तुकडा मोडून ठेवला?" सगळा खाल्ला म्हटल्यावर त्यांनी त्या दिवसातला पहिला घास घेतला.

माझ्या गोळ्या सहा महिने चालल्या, त्यांच्या बारा. गहू ठेवायच्या डब्याच्या तळाशी आम्ही त्या लपवायचो. गोळ्यांनी आत्याबाई काळवंडल्या, तर कौशल्याबाई म्हणाल्या, चुलीची झळ शेवटी लागलीच म्हणायची. आत्याबाईंनी हसून सोडून दिलं. त्यांचे मांडे आता कमी झाले होते. मॅडमनी सांगितल्यापासून त्या हाताला ओलं फडकं गुंडाळून बसायच्या आणि दर मांड्यानंतर हात उलटासुलटा करून बघायच्या, कुठे भाजलं तर नाही. स्वतःच्या हातावर अशी पाळत ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं. निखारा त्यांनी पुन्हा कधी हाताने उचलला नाही.

पुढच्या आखाजीलाही माझा चट्टा तसाच मुका होता. त्याच्या पुढच्या आखाजीची गोष्ट. आमच्याच अंगणात खापर पेटलं होतं. कौशल्याबाई आणि आणखी दोघी पुरण भरत होत्या, आत्याबाई ओट्यावर बसून सगळ्यांना सूचना देत होत्या. मी मांडा पसरला, झटका दिला, डावा हात खापराच्या कडेला लागला आणि मी किंचाळले. हात आपोआप मागे आला. मांडा फाटून राखेत पडला.

अडीच वर्षांत माझा मांडा फाटला नव्हता. कौशल्याबाई हसू दाबत म्हणाल्या, "बघा मथुराबाई. सून हात आखडायला लागली."

आत्याबाई ओट्यावरून उतरल्या. मला वाटलं, आता चारचौघींत बोलणार. त्यांनी माझा हात धरून उजेडात नेला. चट्टा जवळजवळ विरला होता, त्यावर लाल रेघ उठत होती. रेघेच्या मधोमध टाक्याची बारीक खूण. त्यांनी आपलं बोट खुणेच्या अलीकडे ठेवलं. "इथं पोळलं?" मग पलीकडे ठेवलं. "की इथं?"

"खुणेवरच, आत्याबाई. बरोबर खुणेवर."

त्यांनी रेघेवर फुंकर घातली. बराच वेळ घालत राहिल्या. मग बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "कसं असतं गं ते? मला आता आठवत नाही."

मला रडू फुटलं, पोळल्याचं नाही. मी म्हटलं, "आधी गार लागल्यासारखं होतं. मग एकदम आग. पण ती कळायच्या आधीच हात मागं आलेला असतो. आपण आणत नाही, तो आपला आपण येतो."

"आपला आपण," त्या म्हणाल्या. "अन् मी तुला त्यापायीच बोलायचे."

मग त्यांनी माझा हात सोडला, पदर खोचला आणि वळून म्हणाल्या, "कौशल्या, खापरावर तू बस. माझी सून आज मांडे करणार नाही. तिला पोळलंय."

ह्या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. आत्याबाई आता नाहीत. पण त्या दिवशी आखाजीला अंगणात जो कोणी आला, लेकीबाळी, पाहुणे, पाटलांची थोरली सूनसुद्धा, त्या प्रत्येकाला त्यांनी बोलावून बोलावून सांगितलं की माझ्या सुनेला पोळलं. माझा हात वर करून दाखवला. त्यात एवढं सांगण्यासारखं काय आहे, हे गावात कुणालाच कळलं नाही.